तांबूला दिलेला एकच घास

डाव्या कुशीत काहीच ऐकू येईना.

स्टेथोस्कोप मी जरा वर सरकवला, मग खाली, मग मागे. निरोगी गायीच्या डाव्या कुशीला कान लावला, तर मिनिटाला एकदा-दोनदा लांबवर काहीतरी गडगडत आल्यासारखा आवाज येतो. पोट आतलं खाणं घुसळत असतं, त्याचा तो आवाज. इथं नुसती शांतता होती. मुठीनं कुशीला धक्का दिला तर आत पाणी डचमळलं, अर्धी भरलेली घागर हलवल्यावर होतं तसं. हा आवाज मला बिलकूल आवडत नाही.

"काल काय खाल्लं हिनं?" मी विचारलं.

अंगण माणसांनी भरलेलं होतं. पाहुणे, शेजारी, भावकी. सगळे गायीकडे बघत होते आणि गाय जमिनीकडे.

"नेहमीचंच, मॅडम," भाऊसाहेब म्हणाले. "गवत, कडबा. ते बी धड नाय."

"आणि?"

"आनि काय? काय नाय."

भाऊसाहेब घरातले थोरले. कालच डोक्याचा गोटा केलेला, त्यावरून सारखा हात फिरवत उभे होते. मी खाली पडलेल्या शेणाकडे बोट दाखवलं. ते पातळ होतं, पिवळट करडं, आणि त्याला आंबट वास मारत होता. गवत खाल्लेल्या गायीचं शेण असं नसतं, हे त्यांनाही कळत होतं. पण ते दुसरीकडे बघायला लागले.

मी गुरांची डॉक्टर. नाशकात दवाखाना आहे, पण दवाखान्यात कमी आणि रस्त्यावर जास्त असते, कारण गाय काही रिक्षा करून येत नाही. त्या दिवशी सकाळी सुनंदाताईंचा फोन आला. भाऊसाहेबांची ही धाकटी बहीण नाशकात एका शाळेत विज्ञान शिकवते. "मॅडम, व्हिडिओ पाठवलाय, बघा. तांबू झोकांड्या खातेय." व्हिडिओ बघितला आणि दुसरी व्हिजिट रद्द करून गाडी सायखेड्याच्या रस्त्याला घातली. ओढा गावाच्या पुढे टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागलेली. मी स्टीअरिंगवर बोटं आपटत बसले. मला एका जागी बसवत नाही. घरचे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. असेल. आजारी जनावर आणि मी यांच्यामध्ये ट्रॅफिक आला की माझं डोकं फिरतं, एवढं खरं.

मळा गोदावरीच्या काठाला. फ्लॉवर, कोबी आणि कडेनं शेवंती. इथं मी बऱ्याच वर्षांपासून येते, ती तात्यांमुळे. तात्या म्हणजे भाऊसाहेबांचे वडील. तांबू त्यांची. लाल रंगाची गीर गाय, त्यांनी वासरापासून वाढवलेली. मी तपासायला आले की गोठ्यातल्या बाजेवर बसून तात्या तिच्याशी बोलत राहायचे, आणि मला काही विचारायचं असलं तरी तिच्यामार्फत विचारायचे. "तांबू, मॅडमना म्हनाव, चहा घेनार का?" असे तात्या गेले. काल त्यांचा दहावा झाला. मला यायला जमलं नव्हतं.

आणि आज त्यांची गाय माझ्यासमोर मान टाकून उभी होती. डोळे खोल गेलेले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची, म्हणजे अंगातलं पाणी गेलेलं. काळीज इतक्या वेगानं धडधडत होतं की मोजताना माझंच वाढलं.

"धसका घेतलाय तिनं," भावकीतले एक बाबा म्हणाले. "तात्या गेल्यापासून खानं तोडलं. आता ती बी निघाली त्यांच्या मागं."

"बरोबर हाय," दुसरा म्हणाला. "मुकं जनावर, पन समजतं त्याला."

"दुःखानं शेणाला आंबट वास येत नाही," मी म्हटलं. जरा जोरात म्हटलं असणार, कारण सगळे गप्प झाले. दुखवट्याच्या घरात असं बोलू नये, हे मला कळतं. पण मला त्यावेळी तात्यांचं जाणं नाही, तांबूचं पोट दिसत होतं.

माझ्याबरोबर रफिकभाई असतात, माझे मदतनीस. त्यांनी तोवर नळी काढून ठेवली होती. तोंडातून पोटात नळी घालून आम्ही आतलं थोडं पाणी बाहेर काढलं. बाजारात रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, आम्लता मोजायच्या. पट्टी त्या पाण्यात बुडवली. चांगल्या पोटात ती हिरवट-पिवळी राहते. इथं बघताबघता लालसर केशरी झाली.

ज्यांना गुरांची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. गायीचं पहिलं पोट आपल्या पोटासारखं नसतं. ती एक मोठी टाकी असते आणि त्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. गाय गवत खाते म्हणजे खरं तर ती या जिवाणूंना खाऊ घालते. ते गवत सावकाश मुरवतात आणि गायीला त्यातनं ताकद मिळते. या टाकीत भात, पोळी, गूळ, साखर असं काही ढिगानं गेलं, की सावकाश मुरायच्या जागी भराभर आंबतं. आम्ल तयार होतं. चांगले जिवाणू मरतात, पोट थांबतं, मग ते आम्ल रक्तात उतरतं. आम्ही याला ॲसिडोसिस म्हणतो. थोडं असेल तर खायचा सोडा आणि सलाईनवर भागतं. फार असेल तर पोट उघडून सगळं उपसून काढावं लागतं, तेही गाय पायावर उभी आहे तोवरच. एकदा खाली बसली की बहुतेक वेळा ती उठत नाही.

म्हणून मला माहीत करून घ्यायचं होतं, थोडं की फार.

रफिकभाईंनी शिरेत सलाईन लावलं, त्यात सोडा सोडला. मी अंगणाकडे वळले.

"हे बघा, मी कोणाला रागावणार नाही. काल जेवणं झाली. गोग्रास कोणी दिला?"

हे खरं नव्हतं, मी रागावणारच होते. पण एक काकू पुढे आल्या. "मी दिला, मॅडम. पन एकच घास. पुरनपोळीचा."

"अजून?"

"मी भात दिला थोडा," एक पाहुणे म्हणाले. "एक घास."

"मी वडा दिला. येकच."

"आमी जिलबी. तात्यांना आवडायची म्हनून. एक घास फक्त."

बांध फुटल्यासारखं झालं. एकेक जण पुढे यायचा, एकच घास म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकानं खरोखर एकच घास दिला होता. आणि काल इथं जेवायला सगळं गाव होतं.

"भाऊसाहेब, तुम्ही?"

"नाय. मी काय नाय दिलं," ते म्हणाले आणि सलाईनची बाटली धरायला गेले. ती आधीच खुंटीला टांगलेली होती.

मी हौदावर हात धुवायला गेले. सुनंदाताई मागोमाग आल्या. डोळे सुजलेले.

"मॅडम, सुरुवात मीच केली," त्या म्हणाल्या. "काल गंगेवर कावळा शिवेना."

गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात.

"पानात सगळं ठेवलं होतं तात्यांच्या आवडीचं. जिलबी, वडा, चहासुद्धा. कावळे वर झाडावर बसलेले, पण खाली येईनात. ऊन वाढायला लागलं. लोकं कुजबुजायला लागली. ह्यानं शब्द दिला, त्यानं शब्द दिला. आईला सांभाळू म्हणून झालं, शेत विकणार नाही म्हणून झालं. शेवटी दादानं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, तात्या, तांबूला शेवटपर्यंत सांभाळू, तिला उपाशी ठेवणार नाही. आणि मॅडम, तेवढ्यात आला हो कावळा. सगळ्यांच्या अंगावर काटा आला."

मी हाताला पुन्हा साबण लावला.

"घरी आल्यावर मी पहिली गोठ्यात गेले. तात्या गेल्यापासून ती नीट खात नव्हती. मी जिलबी पुढे केली आणि तिनं एका दमात खाल्ली. मी ओरडलेच, तांबूनं खाल्लं! मग काय, जो तो ताट घेऊन आला. आम्हाला वाटलं, तात्याच जेवताहेत."

त्यांना रडू फुटलं. मला अशा वेळी काय करावं ते सुचत नाही. जनावर विव्हळलं तर हात आपोआप पुढे जातो, माणूस रडलं की मी नळ बंद करते, परत सुरू करते. शेवटी ओला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"आणि मी विज्ञान शिकवते," त्या म्हणाल्या. "दरवर्षी फळ्यावर लिहिते, हर्बिव्होर म्हणजे शाकाहारी प्राणी. गाय, म्हैस, शेळी. काल मनात आलंसुद्धा, की वडा तळलेला आहे, चालेल का? मग म्हटलं, शाकाहारीच तर आहे सगळं. आपण काय मटण देतोय का?"

मला एक खोड आहे. जीव वरखाली व्हायला लागला की मी शब्द फोडत बसते. ही खोड कॉलेजात लागली. आमचे ॲनाटॉमीचे सर म्हणायचे, आधी शब्द फाडा, मग जनावर. परीक्षेत लॅटिन विचारत नसत, पण सरांना त्याची हौस. हर्बिव्होर हा शब्द त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिला आणि मधोमध रेघ मारली. हर्बा आणि व्होरारे. ते सगळं मी तिथं हौदाजवळ उभ्या उभ्या सुनंदाताईंना सांगायला लागले. वेळ नव्हता, पण सोडा रक्तात उतरेपर्यंत दुसरं काही करताही येत नव्हतं, आणि गप्प उभं राहणं मला जमत नाही.

"हर्बा म्हणजे हिरवी काडी. गवत, पाला, कोवळा देठ. हर्बल म्हणतो ना आपण, तेच हर्बा. त्यात दाणा येत नाही. दाणे खाणाऱ्यांना वेगळा शब्द आहे, ग्रॅनिव्होर. चिमण्या, कबुतरं. मांस खाणारे कार्निव्होर, सगळं खाणारे ऑम्निव्होर, म्हणजे तुम्ही-आम्ही."

"आणि जिलबी खाणारे?"

रडता रडता त्यांनी विचारलं. मला हसू आलं.

"त्याला लॅटिनमध्ये शब्द नाही. आपल्याकडे त्याला पाहुणा म्हणतात."

त्याही हसल्या, जरा.

"आणि व्होरारे?"

"ते महत्त्वाचं. व्होरारे म्हणजे नुसतं खाणं नव्हे. गिळणं. ओरपणं. हादडणं. इंग्रजीत डिव्हाउअर म्हणतात ते त्यातूनच आलंय. सर म्हणायचे, पहिल्या अर्ध्यात ताट आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात जेवायची तऱ्हा. गाय आधी गिळते. चावायचं नंतर, निवांत बसल्यावर, रवंथ करताना. रानात वाघ येईल म्हणून ही घाई. तिच्या पुढे जे येईल ते आत जातं. नको म्हणायची तिच्याकडे सोयच नाही. चव गोड लागली तर अजिबातच नाही."

हे बोलता बोलता मी परत गोठ्याकडे चालायला लागले होते. सुनंदाताई मागून येत होत्या. तांबूचे मागचे पाय थरथरत होते. पुन्हा काळीज मोजलं. खाली येत नव्हतं. डाव्या कुशीत शांतता. मी रफिकभाईंकडे बघितलं, त्यांनी नाही अशी मान हलवली. ते एवढंच करतात, पण त्यांची मान क्वचितच चुकते.

"भाऊसाहेब, पोट उघडावं लागेल. आत्ता."

"म्हंजे ऑपरेशन?"

"हो. उभ्या उभ्या करू. जागा बधिर करून. आतलं सगळं काढून टाकायचं."

त्यांचा चेहरा उतरला. "नाय मॅडम. काल गंगेवर हात जोडून शब्द दिला, सांभाळीन म्हनून. आनि आज तिचं पोट फाडू? तिकडं तेरावा व्हायचाय. उद्या गाव काय म्हनंल, काल शब्द दिला आन् आज गाय कापली?"

"आणि नाही कापली तर?"

"मेली तर तिच्या मौतीनं मेली. तात्यांनी नेली म्हनू."

मला इतका संताप आला की हातातले ग्लव्हज मी बादलीत फेकले. "तात्यांच्या नावावर काय घालायचं ते घाला. पण हे भातानं आणि पोळीनं झालंय. ते मी हातानं बाहेर काढू शकते. तासाभरानं नाही काढू शकणार. ही एकदा बसली, की मी घरी जाणार, तुम्ही खड्डा खणायचा. शब्द सांभाळायचा म्हणताय ना? मग गाय धरा."

कोणी हललं नाही. भाऊसाहेब डोक्यावरून हात फिरवत राहिले. काळजी त्यांनाही कमी नव्हती, ते दिसत होतं. वडिलांना दिलेला शब्द एका दिवसात मोडायचा होता, ह्या हातानं किंवा त्या हातानं. मलाही वाईट वाटलं, पण घड्याळही दिसत होतं.

तेव्हा पार्वताबाई उठल्या. तात्यांच्या पत्नी. इतका वेळ त्या ओट्याच्या कोपऱ्यात बसून होत्या. त्या गोठ्यात आल्या, तांबूच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि तिची वेसण हातात धरली.

"करा, मॅडम."

"आई, पन..."

"काय पन? पोटात गेलंय ते भायेर निघायला पायजे. धर तू मागनं."

भाऊसाहेबांनी धरलं.

डाव्या कुशीवरचे केस रफिकभाईंनी काढले. बधिर करायची इंजेक्शनं दिली. मग कातडी, खाली स्नायूंचे थर, आणि मग ती टाकी दिसते, करडी, ताणलेली. तिला ओढून कातडीच्या कडेला टाचून घ्यायचं, म्हणजे आतलं काही भलतीकडे सांडत नाही. हे सगळं करताना माझे हात शांत असतात. बाकी मी कधीच शांत नसते. तेवढ्या वेळात माझ्या पायांनाही कुठं जायचं नसतं.

टाकी उघडली आणि वास आला. आमच्याकडे वायनरीच्या मागच्या बाजूला द्राक्षांचा चोथा टाकतात, त्याच्या शेजारून जाताना येतो तसा. दोन-तीन पाहुणे नाकाला पदर-उपरणं लावून मागे सरले.

खांद्यापर्यंतचे ग्लव्हज घालून मी उपसायला लागले. भात फुगून लगदा झालेला. त्यात वड्याचे तुकडे, डाळीचा गोळा, एक अख्खी सुपारी. विड्यासकट कोणीतरी दिली असणार. घमेली भरत होती, रफिकभाई ती लांब नेऊन ओतत होते. कोणाचा घास कुठला, ते ओळखता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळ्यांचे घास एकमेकांत मिसळून एकच आंबट चिखल झाला होता.

पुढच्या कप्प्यात हात घातला तर काहीतरी सलग लागलं. बाहेर काढलं. पुरणपोळी. चौघडी घातलेली, जवळजवळ जशीच्या तशी. एकही दात न लागलेली. बाकी सगळ्याचा लगदा झाला होता, म्हणजे ही आजची होती, आणि आज गाय तोंड उघडायला तयार नव्हती. कोणीतरी हातानं घशात सारलेली.

मी ती घमेल्यात ठेवली.

"माझीच हाय ती," भाऊसाहेब म्हणाले. गायीच्या पाठीला कपाळ टेकवून, मागूनच. "सकाळी दिली. रात्रीपासनं उपाशी व्हती, मॅडम. मी शब्द दिला व्हता, उपाशी ठेवनार नाय म्हनून."

त्यांच्याकडे बघवेना. मी पुन्हा हात आत घातला.

टाकी धुतली, त्यात थोडं वाळलेलं गवत ठेवलं आणि शिवून घेतली. मग एक राहिलं. आतले जिवाणू तर मेलेले. नुसती रिकामी टाकी चालत नाही, तिला विरजण लागतं. शेजारच्या मळ्यातल्या धडधाकट गायीच्या पोटातून नळीनं पाणी काढून बादलीत आणलं आणि ते गरम असतानाच तांबूला पाजलं. दह्याला विरजण लावतात तसं, असं मी सांगितल्यावर बायकांना पटकन कळलं. सकाळपासून मी सांगितलेल्या गोष्टींतली ही एकच त्यांना पूर्ण पटली असावी.

मग वाट बघणं. हे मला सगळ्यात जड जातं. मी गोठ्यातून हौदापर्यंत जायची, हौदावरून शेवंतीच्या वाफ्यापर्यंत, परत गोठ्यात, कुशीला कान. शांतता. पुन्हा हौद. भाऊसाहेबही उलट्या बाजूनं तसेच फिरत होते. मधेच आम्ही समोरासमोर यायचो आणि एकमेकांना वाट देऊन पुढे जायचो. सुनंदाताई म्हणाल्या, "मॅडम, बसा ना जरा." मी बसले आणि लगेच उठले.

ऊन कलायला लागलं तेव्हा गाय उभी होती, यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. औषधं लिहून दिली, कोणी काहीही खायला घालायचं नाही असं सांगितलं. "काहीही म्हणजे काहीही. एक घाससुद्धा नाही." पुढच्या दिवशी परत गेले. काळीज खाली आलं होतं. खोल गेलेले डोळे वर आले होते. डाव्या कुशीला कान लावून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मग लांबून, अगदी बारीक, गडगडलं.

"आला," मी म्हटलं.

"काय आला?" भाऊसाहेब म्हणाले.

मी स्टेथोस्कोप त्यांच्या कानाला लावला. ते ऐकत राहिले. दुसऱ्यांदा आलं तेव्हा ते मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही डोळे पुसले, उगाच वाऱ्याकडे तोंड करून.

तेराव्याला टाके बघायला गेले. मुद्दाम जेवणाच्या वेळेनंतर पोचायचं ठरवलं होतं, पण घरात पंगती चालूच होत्या. तांबू गोठ्यात बसून रवंथ करत होती. गोठ्याच्या दाराशी खुर्ची टाकून सुनंदाताई बसलेल्या, वर्गात बसतात तशा. हातात पोळी घेऊन कोणी गोठ्याकडे वळलं, की नुसती नजर वर करायच्या. माणूस परत फिरायचा.

पार्वताबाई गोग्रासाचं ताट घेऊन आल्या. ताटात बांधावरचं हिरवं गवत, मूठभर, आणि त्यावर तुळशीचं पान. बाकी काही नाही. त्यांनी ते पुढे धरलं आणि तांबूनं न चावता, एका हिसक्यात आत घेतलं. व्होरारे, मी मनात म्हटलं. सरांना बघायला आवडलं असतं.

पार्वताबाई रिकामं ताट पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

"ह्यांचं बी असंच झालं, मॅडम," त्या म्हणाल्या. "शुगर व्हती. डॉक्टरनी गोड बंद केल्यालं. पन जो भेटायला येई तो म्हने, तात्या, एकच घास, माझ्यासाठी. पोरी म्हनायच्या. सुना म्हनायच्या. मी बी म्हनायची. त्यांना काय कोनाला नाय म्हनता येत नव्हतं. आनि आमी सगळ्यांनी एकेकच घास दिला."

भाऊसाहेब शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. औषधाच्या बॅगेत शोधायला काहीच नसताना मी बॅग उघडली.

मग मला जेवायला बसवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. दोन पुरणपोळ्या झाल्या, तुपाच्या धारेसकट. मी पानावर हात आडवा धरला. "बास, नको आता."

"असं कसं, मॅडम?" थोरल्या सूनबाई पोळी घेऊन वाकल्या. "तांबूला तुमी वाचिवली. एकच घ्या. माझ्यासाठी."

"नको, खरंच."

"अर्धी तरी!"

"बास," पार्वताबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "त्या नको म्हनल्या ना?"

पोळी हवेत थांबली आणि परत दुरडीत गेली. आजवर इतक्या मळ्यांवर जेवले, पण माझं 'नको' पहिल्यांदाच कोणी ऐकलं.

या प्रसंगातून मी शिकले ते इतकंच. पोट कोणाचंही असो, घास पुढे करणाऱ्यानं आधी विचारावं, आपल्याआधी कितीजण येऊन गेले. आता दुखवट्याच्या घरी व्हिजिटला गेले की गाय कशी आहे हे नंतर विचारते, जेवायला किती माणसं होती हे आधी.

आणि खरं सांगायचं तर पुरण उत्तम झालं होतं. मला आणखी अर्धी सहज चालली असती. पण मी मागितली नाही.